दांड्यातली चीर

माझ्या वहिनी धातूतल्या चिरा शोधतात. हे काम नक्की काय असतं, ते आमच्या घरात बरीच वर्षं कोणाला धड कळलं नव्हतं. आईने शेजारीपाजारी एवढंच सांगून ठेवलं होतं, "आमची सून भेगा बघते." त्यामुळे कोणाची गच्ची गळू लागली, कोणाच्या भिंतीला तडा गेला, की माणसं आमच्या दारात हजर. वहिनी कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. जाऊन भिंतीवरून हात फिरवायच्या आणि सांगायच्या, "काका, हे गवंड्याचं काम. माझी विद्या लोखंडापुरती." लोक चहा पाजून त्यांची बोळवण करत आणि मागे म्हणत, शिकलीय खूप, पण उपयोग काही नाही.

मी स्वतः लोखंडातलाच माणूस. आमचं गाव दरीच्या दोन अंगांना वसलंय. खाली बाजार आणि कचेऱ्या, वर शाळा आणि छातीच्या आजारांचं हॉस्पिटल, आणि दोन्हींना जोडणारा रोपवे. वळसा घालून जाणारा घाटरस्ता आहे, पण तो असा की आजारी माणसाबरोबर गेलेला धडधाकट माणूसही वर पोचेपर्यंत खाट धरेल. या रोपवेचा मी हेड मेकॅनिक. आमच्याकडे डब्याला पाळणा म्हणतात. पाळणा पोलादी दांड्याला लटकतो, दांड्याच्या वरच्या टोकाला चिमटा असतो आणि तो चिमटा तारेच्या दोराला घट्ट धरून ठेवतो. येणाराजाणारा दोराकडे बघतो, कारण दोर डोळ्यांत भरतो. मी दांड्याकडे बघतो. वाऱ्यात पाळणा हलला की त्या प्रत्येक हेलकाव्याचा ताण दांडा जिथे वाकवलेला आहे तिथे येऊन बसतो.

दरवर्षी जोराच्या वाऱ्याचे दिवस आले की रोपवे बंद ठेवून आम्ही दांडे उतरवतो. तारेच्या ब्रशने वरचा रंग खरवडायचा, लाल पातळ रसायन लावायचं, ते मुरू द्यायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरी पूड मारायची. कुठे चीर असली तर आत मुरलेलं लाल पुडीवर रेघ होऊन उमटतं. पद्धत साधी आणि चांगली आहे. तिच्यावरच माझे केस पांढरे झाले.

पण या कामाला वेळ फार लागतो. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, त्यांनी कुठेतरी ऐकलं की लेसरने दांडा जरासा गरम करून उष्णतेच्या कॅमेऱ्याने चिरा शोधता येतात, रंग खरवडावा लागत नाही. त्यांनी धातू तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेला विचारलं. प्रयोगशाळेने माणूस पाठवला, आणि तो माणूस म्हणजे आमच्या वहिनी.

वर्कशॉपमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे एक फिटर आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याची कुजबुजही दोन शेडपलीकडे ऐकू जाते. तो म्हणाला, "चला, परीक्षक घरचाच. आता दांडे पहिल्या नंबराने पास." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

वहिनींनीच तो विषय संपवला. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी पहिलं वाक्य टाकलं ते हे, "तुमचे हेड मेकॅनिक माझे सख्खे दीर आहेत. तुम्हाला दुसरं कोणी हवं असेल तर मी आत्ताच प्रयोगशाळेला कळवते."

साहेब म्हणाले, "दुसरं कोणी मिळायला वर्ष लागेल. तुम्हीच करा."

"मग एक अट. मी जे सांगेन ते माझ्या शब्दावर घ्यायचं नाही. शक्य तिथे दुसऱ्या पद्धतीनेही बघायचं."

माझा जीव तिथेच निम्मा भांड्यात पडला.

त्यांनी शेडचा एक कोपरा जाड काळ्या पडद्यांनी बंद करून घेतला. आत एक टेबल, दांडा धरायला शिकंजा, लेसरची पेटी, कॅमेरा आणि पडदा असलेला कॉम्प्युटर. लेसरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. खास चष्म्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा दंडक. पहिल्याच दिवशी साहेब उत्साहाने चष्मा न घालता आत शिरले. वहिनींनी यंत्र बंद केलं आणि अगदी आदराने त्यांना बाहेर काढलं. साहेबांना असं बाहेर काढलेलं आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. भोंग्याने त्या दिवसापासून आपला चष्मा गळ्यातच अडकवून ठेवला.

मी विचारलं, "वहिनी, हे चालतं कसं ते मला माझ्या भाषेत सांगा."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, टिपकागदावर शाईचा थेंब टाकला तर?"

"गोल पसरतो."

"आणि कागदाला आधीच ब्लेडने काप दिलेला असला तर?"

"तिथे अडतो."

"झालं तर मग. शाईच्या जागी ऊब समजा. मी लेसरने दांड्यावर एक ठिपका तापवते. फार नाही, चहाचा कप हाताला लागतो तेवढाही नाही. ऊब चारी बाजूंना सारखी पसरते. वाटेत चीर असली की तिच्यात हवा असते, आणि हवा उबेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. अलीकडे ऊब तुंबते, पलीकडे गार राहतं. माझ्या कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं, कुठे किती ऊब आहे."

"आणि चीर किती खोल आहे ते?"

"उथळ असली तर ऊब खालून वळसा घालून लवकर पलीकडे पोचते. खोल असली तर उशिरा पोचते आणि थोडीच पोचते. किती अडली, त्यावरून खोली काढायची."

"म्हणजे आपल्या घाटरस्त्यासारखं," मी म्हणालो.

त्या हसल्या. "अगदी. रस्ता जितका लांब, तितके कमी लोक वर पोचतात."

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्या एक पोलादी तुकडा यंत्राखाली धरायच्या. त्याच्यावर ठरावीक खोलीचे बारीक काप मुद्दाम पाडलेले होते. यंत्राने ते बरोबर ओळखले तरच पुढे जायचं. त्यांचं म्हणणं, शंका आधी यंत्रावर घ्यावी, मग दांड्यावर. मी इतकी वर्षं काम करतोय, पण रोज सकाळी आधी स्वतःची परीक्षा देऊन मग दुसऱ्याची घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

सुरुवातीचे दांडे स्वच्छ निघाले. पडद्यावर एकामागून एक ठिपके उमटत होते, मध्ये पिवळे, कडेला तांबडे, पुढे निळ्यात विरत जाणारे. सगळे गोल. मग एका दांड्याच्या बाकाच्या, म्हणजे वाकवलेल्या भागाच्या, आतल्या अंगाला ठिपका उमटला तो भिंतीला दाबून धरलेल्या चेंडूसारखा, एका बाजूने चपटा.

वहिनी कॉम्प्युटरजवळ सरकल्या. त्यांनी ठिपका थोडा पलीकडे सरकवला. आता तो दुसऱ्या बाजूने चपटा झाला. त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली, नमुन्याचा तुकडा पुन्हा तपासला, दांडा उलटा फिरवून शिकंज्यात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चपटेपणा जागचा हलला नाही.

"भाऊजी, हा दांडा यंदा तुमच्या हातून गेलाय?"

"माझ्याच. आरशासारखा स्वच्छ होता."

"मला इथे काहीतरी दिसतंय. काय आहे ते अजून सांगता येणार नाही."

खरं सांगतो, मला ते लागलं. मी तो दांडा सगळ्यांसमोर बाहेर नेला आणि आमच्या पद्धतीने पुन्हा तपासला. लाल लावलं, मुरू दिलं, पुसलं, पूड मारली. भोंगा वाकून बघत होता. "पांढरंशुभ्र," तो म्हणाला, आणि सगळ्या शेडने ऐकलं.

साहेब आले. म्हणाले, "एक पद्धत हो म्हणते, एक नाही म्हणते. मी कोणाचं ऐकू?"

वहिनी भिंग लावून दांडा न्याहाळत होत्या. त्यांनी मला विचारलं, "खरवडताना हाच ब्रश वापरता?"

"हाच. कंपनीच्या पुस्तकात हाच लिहिलाय."

"पुस्तकाप्रमाणेच केलंत तुम्ही, चूक तुमची नाही. पण बघा, वरच्या वर पोलाद थोडं लोण्यासारखं वागतं. कडक ब्रश फिरला की ते सारवलं जातं. चीर अगदी बारीक असली तर तिचं तोंड लिंपून जातं. मग तुमचं लाल आत शिरणार कुठून? उबेला तोंड उघडं असण्याची गरज नाही. वरचा पापुद्रा थोडी ऊब पलीकडे जाऊ देतो, पण खालची फट उरलेली अडवतेच."

"हे खरं की खोटं, कळणार कसं?" साहेबांनी विचारलं.

"सौम्य आम्ल लावून तो पापुद्रा काढू. मग भाऊजींच्या पद्धतीनेच पुन्हा बघू."

तसं केलं. आम्ल लावलं, धुतलं, वाळवलं, लाल लावलं, पूड मारली. आणि बाकाच्या आतल्या अंगाला, वहिनींनी खडूने खूण केली होती अगदी तिथेच, केसासारखी एक लाल रेघ हळूहळू वर आली. सगळी शेड दांड्याभोवती गोळा झाली. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी अभिमानही वाटला. चीर दिसली होती माझ्याच लाल रंगात, पण ती कुठे बघायची ते वहिनींनी सांगितलं होतं.

आता प्रश्न होता खोलीचा. आमचा नियम असा की दोन मिलिमीटरपर्यंतची चीर घासून काढायची आणि दांडा वापरायचा. त्याहून खोल असली तर तो दांडा भंगारात, आणि त्याच्याबरोबर घडवलेले सगळे दांडे नव्याने तपासल्याशिवाय रोपवे सुरू करायचा नाही. रोपवे उघडायचा दिवस तर जाहीर झाला होता. वर हॉस्पिटलमध्ये बरे झालेले पेशंट घरी यायला खोळंबले होते, खालून नवे जायचे होते. साहेबांचा फोन सारखा वाजत होता.

वहिनींनी पूर्ण दुपार मोजण्यात घालवली. दोन्ही बाजूंनी, कमीजास्त तापवून, पुन्हा पुन्हा. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "दीड ते अडीच मिलिमीटरच्या मध्ये आहे."

साहेबांचा चेहरा खुलला. "मध्ये म्हणजे दोन. दोन चालतं आपल्याला."

"मध्ये म्हणजे दोन नव्हे, साहेब. मध्ये म्हणजे त्याच्या आत नक्की कुठे, ते मला माहीत नाही."

"तुम्ही तज्ज्ञ ना? मला एक आकडा द्या."

"देऊ शकते. पण मग तो यंत्राने दिलेला नसेल, तुमच्या गरजेने दिलेला असेल."

आवाज चढलेला नव्हता. मीठ कमी पडलंय असं सांगावं, तितक्या सहज त्या बोलल्या. साहेब वाईट माणूस नाहीत. ते खुर्चीवर बसले, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "मग करायचं काय?"

"दांडा कापून आत बघायचं."

"आणि उथळ निघाली तर?"

"तर एक दांडा वाया जाईल आणि मला माझं मोजमाप सुधारावं लागेल."

साहेब माझ्याकडे वळले. "हेड मेकॅनिक, तुम्ही बोला."

अडचणीची जागा होती. हो म्हटलं तर वहिनींची तळी उचलली, नाही म्हटलं तर माझी मलाच लाज. मी म्हणालो, "साहेब, नातं बाजूला ठेवू. या दांड्याला पाळणा लावून त्यात बस म्हणालात, तर मी बसणार नाही. आणि मी बसणार नाही त्यात हॉस्पिटलचे पेशंट कसे बसवू?"

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "कापा." आणि हॉस्पिटलला फोन लावून, उघडायचा दिवस पुढे गेल्याचं स्वतः सांगितलं. तो फोन त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलला नाही, हेही मी विसरलो नाही.

वर अडकलेल्या पेशंटांत आमची आई होती. दम्याने हैराण होऊन गेली होती, आता ठणठणीत होती आणि घरी यायला उतावळी. संध्याकाळी तिचा फोन आला तो थेट वहिनींना. मी शेजारीच होतो.

"काय गं, तूच म्हणे रोपवे बंद पाडलास? सून चिरा शोधतेय आणि सासू इथे अळणी जेवण गिळतेय."

"आई, पाळणा तुमच्यासाठीच थांबवलाय."

"माझ्यासाठी होय? मग थांबव. पण जरा लवकर थांबव."

दांडा भोंग्याने कापला. करवत चालवताना त्याचा हात इतका हळू मी कधी पाहिला नव्हता. कापलेला भाग वहिनींनी बारीक पॉलिश पेपरने घासत आणला, त्याच्यात तोंड दिसेपर्यंत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी त्यांनी बघितलं. बघत राहिल्या. मग उठून मला जागा दिली.

पोलादाच्या राखाडी पाठीवर एक काळी रेघ होती. वरून सरळ आत उतरलेली, आणि मग एखाद्या मुळासारखी तिरकी वळून आणखी आत गेलेली. वरून खाली सरळ मोजलं तर दोनच्या किंचित पुढे. पण त्या तिरक्या वाटेने मोजलं तर तीनच्याही वर.

"बघा भाऊजी, कशी वळलीय," वहिनी म्हणाल्या. जिंकल्याचा सूर नव्हता त्यात. इतके दिवस ज्याचा फक्त आवाज ऐकला होता, त्याला समोर बघावं, तसा चेहरा झाला होता त्यांचा. "हेलकाव्याचा ताण त्या दिशेनेच येत असणार. हे मला आधी सुचायला हवं होतं."

त्या तडक साहेबांकडे गेल्या. मला वाटलं, आता सांगतील की बघा, मी म्हणत होते ना. त्यांनी सांगितलं ते असं, "चीर मर्यादेच्या पुढे आहे, दांडा बाद करा. पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. चीर तिरकी आहे हे मला ओळखता आलं नव्हतं. माझा हिशोब सरळ चिरेचा होता. ती माझ्या अंदाजापेक्षा जास्त पसरलीय."

साहेब गोंधळले. "अहो, तुमचं बरोबर निघालं. हे सांगायची गरज काय होती?"

"बरोबर निघालं ते थोडं नशिबाने. पुढच्या दांड्याला नशिबावर सोडता येणार नाही."

त्यानंतर एकेक करत सगळे दांडे पडद्याआड गेले. त्याच घडवणीतले आणखी दोन निघाले, चीर नुकतीच धरू लागलेले. तेही बाजूला ठेवले. आणि एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती ती घडली. आमच्या लाल रंगात रेघ दिसली म्हणून मी भंगारात काढलेले काही दांडे वहिनींनी मागून घेतले. त्यांच्यावर ठिपका जवळजवळ गोल उमटला. घडवताना पडलेली वरवरची घडी होती ती, आत काही नव्हतं. घासून काढली, पुन्हा तपासलं आणि ते दांडे परत कामाला लागले. ज्या यंत्राने माझे तीन दांडे नापास केले, त्यानेच माझे चार भंगारातून उठवून आणले.

नवे दांडे येईपर्यंत रोपवे बंदच होता. लोकांनी आम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. बाजारात भाजीवालीने मला तोंडावर विचारलं, "अहो, एक रेघ शोधायला एवढा वेळ?" मी म्हणालो, "रेघ लगेच सापडली, मावशी. ती किती लांब आहे ते बघायला वेळ लागला." तिला काही ते पटलं नाही. शेवटी पाळणे सुरू झाले, पेशंट खाली आले, आई घरी आली आणि लोक विसरून गेले. विसरणारच, घडलं काहीच नव्हतं.

वहिनी मात्र विसरल्या नाहीत. तिरकी चीर त्यांच्या डोक्यात घर करून बसली. जेवता जेवता त्या ताटातच बोटाने रेघा ओढायच्या, आणि दादा त्यांच्या हातात घास द्यायचा आणि म्हणायचा, "आधी हा पोटात जाऊ दे, मग चीर." त्यांनी भोंग्याला वेगवेगळ्या कोनांचे काप पाडून नमुने करायला सांगितले. भोंग्याने ते इतके नेटके केले की आता तो येईल त्याला ऐकवतो, "सरळ काप कोणीही पाडेल. तिरका पाडायला अक्कल लागते."

पुढच्या वाऱ्याच्या दिवसांत वहिनी पुन्हा आल्या. या वेळी ठिपका चिरेच्या दोन्ही अंगांनी आळीपाळीने पाडायचा आणि दोन्हींकडची ऊब ताडून बघायची, असं त्यांनी बसवलं होतं. चीर ज्या बाजूला कललेली असेल तिकडे ऊब जास्त साठते, त्यावरून कल कळतो. भोंग्याच्या नमुन्यांवर त्यांनी ते आमच्यासमोर तपासलं. एका नमुन्यात यंत्र चुकलं. त्यांनी तेही फळ्यावर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि खाली लिहिलं, "फार तिरकी असेल तर अजून भरवसा नको."

मग खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "भाऊजी, आजपासून तुम्ही चालवा. मी बाजूला बसते."

"मी? माझा जन्म लाल रंगात गेला, वहिनी."

"म्हणूनच. चीर कुठे धरते ते तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळतं. मला फक्त ऊब वाचता येते."

मी चष्मा चढवला. भोंग्याने पहिला दांडा शिकंज्यात कसला. मी ठिपका बाकाच्या आतल्या अंगावर नेला आणि बटण दाबलं. पडद्यावर मध्ये पिवळं उमटलं, तांबडं पसरत गेलं, निळ्यात विरलं, सगळीकडून सारखं. मी दुसऱ्या बाजूने बघितलं. दांडा उलटा करून बघितलं. मग वहिनींकडे बघितलं, तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. हाताची घडी घालून पडद्यावर नजर लावून बसल्या होत्या, माझ्या उत्तराची वाट बघत.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"एकदा नमुना लावून बघतो, मग नक्की सांगतो."

वहिनींनी मान हलवली आणि नमुन्याचा तुकडा माझ्या हातात दिला.